जुन्या क्रेडिट कार्डाच्या दाव्याला मुदतीत उत्तर द्यायला हवे: इंग्लंड-वेल्समधील मराठी मंडळांस खुले पत्र

प्रति,
इंग्लंड आणि वेल्समधील मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी सदस्य यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी काही घरांत कधी ना कधी न्यायालयाचे पाकीट येते आणि त्याबद्दल घराबाहेर चकार शब्द निघत नाही. आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज, मधल्या काळात नोकरी गेल्यामुळे, संसार मोडल्यामुळे किंवा काही वर्षांसाठी भारतात परतल्यामुळे थांबलेले हप्ते, आणि मग एके दिवशी जिचे नावही कधी कानावर पडलेले नाही अशा कंपनीने काउंटी कोर्टात लावलेला दावा, असे या प्रकरणांचे रूप असते. मूळ बँकेने ते येणे केव्हाच विकून टाकलेले असते. विकत घेणारी कंपनी मात्र पूर्ण थकबाकी, वर व्याज, वर कोर्टाचा आणि वकिलाचा खर्च मागत असते.

मी वकील नाही. हिशेबनिसाच्या नोकरीत माझी उमेदीची वर्षे गेली आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्या लोकांबरोबर असे कागद वाचायला बसत आले. त्या अनुभवावरून माझे एकच ठाम मत झाले आहे. या दाव्यांत आपली माणसे कायद्याने हरत नाहीत, उत्तर न दिल्यामुळे हरतात. पाकीट ड्रॉवरमध्ये जाते, मुदत उलटते, एकतर्फी हुकूमनामा (तुमचे म्हणणे न ऐकताच निघालेला कोर्टाचा निकाल) होतो, आणि ज्या मुद्द्यांवर दावा कदाचित टिकला नसता ते मुद्दे कोणी न्यायाधीशांपुढे मांडतच नाही. हे थांबवण्याची ताकद मंडळांकडे आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहिते आहे.

आधी तो कागद नीट पाहू. दाव्याच्या अर्जावर वरच्या बाजूला दावा क्रमांक आणि दावा दाखल झाल्याची तारीख असते. बहुतेक वेळा कोर्टाचा पत्ता नॉर्थॅम्प्टनचा असतो, कारण असे घाऊक दावे तिथल्या राष्ट्रीय केंद्रातून निघतात. ते एक प्रशासकीय कार्यालय आहे. सुनावणीची वेळ आलीच, तर प्रकरण सामान्यतः प्रतिवादीच्या घराजवळच्या काउंटी कोर्टाकडे वर्ग होते, त्यामुळे 'एवढ्या लांब कोण जाणार' या विचाराने कोणी हात टेकू नयेत. अर्जाच्या मध्यभागी दाव्याचा तपशील असतो आणि तो आश्चर्य वाटावे इतका त्रोटक असतो, कारण ऑनलाइन दाव्यात त्यासाठी फक्त १,०८० अक्षरांची जागा मिळते. अमुक बँकेशी १९७४ च्या ग्राहक पत कायद्याखाली करार झाला, प्रतिवादीने हप्ते भरले नाहीत, डिफॉल्ट नोटीस (हप्ते थकल्याचे कळवून ते भरायला मुदत देणारी नोटीस) बजावली, येणे अमुक तारखेला वादीकडे हस्तांतरित झाले, त्याची सूचना दिली, आणि १९८४ च्या काउंटी कोर्ट कायद्याच्या कलम ६९ खाली सालीना ८ टक्के व्याज मिळावे. एवढ्यावर मजकूर संपतो. करार सोबत नसतो, खातेउतारा नसतो, नोटिशीची प्रत नसते.

हा मजकूर प्रथम वाचताना माणसाची छाती दडपते. माझे सांगणे असे, की त्यातले प्रत्येक वाक्य म्हणजे वादीने सिद्ध करायची एकेक गोष्ट आहे. करार झाला, तर तो दाखवा. नोटीस बजावली, तर ती दाखवा. येणे तुमच्याकडे आले, तर कशाच्या आधारे आले ते दाखवा. सरावलेले सल्लागार हा मजकूर वाक्यावाक्याने याच नजरेने वाचतात.

आता मुदतीकडे येते, कारण सगळे तिथेच अडते. नॉर्थॅम्प्टनहून निघालेल्या अशा दाव्यात, दाखल झाल्याच्या तारखेनंतर पाचव्या दिवशी तो तुमच्यावर बजावला गेला असे कायदा धरून चालतो, मग पाकीट तुम्ही उघडलेले असो वा नसो. त्यानंतर १४ दिवसांत उत्तर किंवा निदान पोच, म्हणजे दावा मिळाल्याची कोर्टाला सूचना, द्यावी लागते. पोच वेळेत दिली, तर लेखी बचाव सादर करायला बजावणीपासून एकूण २८ दिवस मिळतात. अर्जावर १ मार्च ही तारीख असेल, तर ६ मार्चला दावा बजावला गेला असे धरायचे, २० मार्चच्या आत पोच द्यायची आणि ३ एप्रिलच्या आत बचाव. शेवटच्या दिवसाची दुपारी ४ ची वेळ डोक्यात ठेवावी आणि अर्जासोबत छापलेल्या सूचनांवरून आपली तारीख पुन्हा पक्की करून घ्यावी.

ही पोच अर्जावर दिलेल्या पासवर्डने ऑनलाइनही देता येते, आणि तिथे दोन ठिकाणी लोक घसरतात. एक चौकट न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रास हरकत घेण्याची असते. कोर्ट दूरच्या गावी आहे असे समजून तिच्यावर खूण केली, की त्यासाठी वेगळा अर्ज १४ दिवसांत करण्याची जबाबदारी येऊन पडते, जिची सर्वसाधारण प्रकरणात काहीही गरज नसते. दुसरी जागा बचावाच्या मजकुराची. पोच देतानाच घाईघाईने तिथे 'मला हे कर्ज आठवत नाही' असे एक वाक्य लिहिले, तर तेच तुमचे संपूर्ण लेखी निवेदन म्हणून नोंदले जाऊ शकते. पोच देताना संपूर्ण दाव्याचा प्रतिवाद करणार एवढेच सांगावे आणि ती जागा कोरी सोडावी.

पोच दिली नाही आणि बचावही दिला नाही, तर वादी एकतर्फी हुकूमनामा मागतो आणि तो सहसा कोणत्याही सुनावणीविना मिळतो. कोणी न्यायाधीश कागद वाचून ठरवत नाही. कारकुनी प्रक्रियेत तो निघतो. मग ती नोंद सार्वजनिक नोंदवहीत सहा वर्षे राहते. पूर्ण रक्कम एका महिन्याच्या आत भरली, तरच ती नोंद काढून टाकली जाते. पुढे भरली तर फक्त 'फेड झाली' असा शेरा पडतो. घरासाठी कर्ज काढताना, भाड्याचे घर शोधताना, वित्तसंस्थेत नोकरी धरताना ही नोंद आडवी येते. एरवी वसुलीवाल्याला दारात उभे राहून काही उचलून नेण्याचा अधिकार नसतो. हुकूमनामा झाला आणि त्याची रक्कम भरली गेली नाही, की मात्र बेलिफ, पगारातून कपात, घरावर बोजा हे मार्ग त्याला खुले होतात.

आपल्या समाजाच्या बाबतीत यात एक खास धोका आहे आणि त्याची मंडळांनी विशेष दखल घ्यावी. आपली माणसे सतत घरे बदलतात. प्रकल्प संपला की शहर बदलते, भाडेकरार संपला की पत्ता बदलतो, आईवडिलांच्या आजारपणासाठी कोणी दोन वर्षे पुण्याला किंवा नागपूरला जाऊन राहते. दावा मात्र शेवटच्या ज्ञात पत्त्यावर पाठवला तरी चालतो. पत्ता बदलल्याचे मानण्यास जागा असेल, तर वादीने चौकशी करायला हवी असा नियम आहे. पण तोवर हुकूमनामा होऊन गेलेला असतो आणि माणसाला त्याचा पत्ता लागतो तो घरकर्जाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा. असे झाले तर हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. बचावाला यश येण्याची खरी शक्यता आहे किंवा अन्य सबळ कारण आहे हे दाखवावे लागते आणि कळल्याबरोबर, विलंब न लावता, हालचाल करावी लागते. त्या अर्जाचे शुल्क तीनशे पौंडांहून अधिक आहे. उत्पन्न कमी असल्यास शुल्कमाफीसाठी अर्ज करता येतो. मुदतीत दिलेल्या पोचेला काहीच खर्च येत नाही. ही तफावत लोकांपर्यंत पोहोचली, तरी खूप काही साधेल.

आता त्या प्रसिद्ध सहा वर्षांबद्दल. व्हॉट्सॲपच्या गटांत एक सल्ला सर्रास फिरतो: 'लक्ष देऊ नकोस, सहा वर्षांत सगळे संपते.' हा सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि त्यापायी माणसे अडचणीत येतात.

१९८० च्या मुदत कायद्याच्या कलम ५ प्रमाणे साध्या करारावरचा दावा, दाव्याचे कारण घडल्यापासून सहा वर्षांत लावावा लागतो, हे खरे आहे. प्रश्न असा, की ते कारण घडले कधी? पुष्कळ लोक शेवटचा हप्ता भरल्याच्या तारखेपासून बोटे मोजतात. २०१९ मध्ये अपील न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की पूर्ण रक्कम मागण्यासाठी आधी डिफॉल्ट नोटीस देणे बंधनकारक असेल, तर त्या नोटिशीची मुदत संपल्यावरच सहा वर्षांची गणना सुरू होते. ही नोटीस किमान १४ दिवसांची असावी लागते आणि बँक ती हप्ते थांबल्यानंतर कितीतरी महिन्यांनी काढू शकते. म्हणजे ज्या माणसाला आपले कर्ज मुदतबाह्य झाले आहे असे वाटते, त्याचे ते झालेले असेलच असे नाही. तारीख कागदावरच शोधावी लागते.

पुढची बाब अशी, की सहा वर्षांच्या आत तुम्ही काही रक्कम भरली किंवा येणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दरमहा एक-दोन पौंड भरत राहणारी माणसे मी पाहिली आहेत, वसुलीवाल्याचा फोन बंद व्हावा एवढ्यासाठी. त्यांचे ते भरणे प्रामाणिकपणाचे असते, पण प्रत्येक भरण्याबरोबर घड्याळ मागे जाते, हे त्यांना कोणीच सांगितलेले नसते. याउलट फोनवरच्या बोलण्याने घड्याळ मागे जात नाही, कारण कायद्याला लेखी आणि सही केलेली कबुली लागते. आणि सहा वर्षे खरोखर उलटून गेल्यावर भरलेल्या रकमेने किंवा दिलेल्या कबुलीने मेलेला हक्क पुन्हा जिवंत होत नाही. तरीही पत्रव्यवहार करताना 'आपल्या कंपनीचे कोणतेही देणे मी मान्य करत नाही' एवढे वाक्य लिहून ठेवावे.

तिसरी सरमिसळ पतनोंदीची, म्हणजे क्रेडिट रिपोर्टची. पतनोंदीतली डिफॉल्टची खूणही सहा वर्षांनी जाते, म्हणून ती गेली की कर्ज संपले असे लोक समजतात. त्या दोन गणना वेगळ्या आहेत. पतनोंद कोरी झाल्यानंतरही दावा येऊ शकतो आणि तो मुदतीतला असू शकतो.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. कर्ज मुदतबाह्य आहे हे न्यायालय आपणहून तपासत नाही. ते प्रतिवादीने आपल्या बचावात मांडावे लागते. दहा वर्षे जुन्या, निर्विवादपणे मुदत संपलेल्या कर्जावरही उत्तर न दिल्यास हुकूमनामा होतो आणि तो वैध असतो. 'सहा वर्षे झाली, आता काय करणार' म्हणून पाकीट बाजूला ठेवणारा माणूस स्वतःचे सर्वांत भक्कम शस्त्र स्वतःच्या हाताने टाकून देत असतो. दावा येण्यापूर्वीच, केवळ पत्रांच्या टप्प्यावर असे कर्ज मागितले जात असेल, तर मुदत संपल्यामुळे आपण ते भरणार नाही असे लेखी कळवावे. त्यानंतर मागणी चालू ठेवायला वित्तीय आचरण प्राधिकरणाच्या (एफसीए, वित्तसंस्थांवर देखरेख ठेवणारी संस्था) नियमांनी कंपनीला मनाई आहे.

मुदत संपलेली नसेल, तर कागदपत्रांचा प्रश्न येतो. ग्राहक पत कायद्याच्या कलम ७८ खाली क्रेडिट कार्डाच्या, आणि कलम ७७ खाली ठरावीक रकमेच्या कर्जाच्या, कराराची प्रत आणि हिशेबाचे विवरण मागता येते. शुल्क एक पौंड. ते शुल्क म्हणूनच पाठवत आहोत, हप्ता म्हणून नव्हे, असे पत्रात लिहावे. कंपनीने १२ कामकाजाच्या दिवसांत प्रत द्यायची असते, आणि जोवर ती देत नाही तोवर तिला कराराची अंमलबजावणी करता येत नाही. इथे अतिउत्साहाला आवर घालायला हवा. दावा लावणे ही अंमलबजावणी नव्हे असे न्यायालयाने २००९ मध्ये ठरवले, त्यामुळे प्रत न देताही दावा येऊ शकतो. हुकूमनामा मात्र प्रत दिल्याशिवाय मिळू नये. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने असेही म्हटले, की कलम ७८ पुरते मूळ सहीच्या कागदाची छायाप्रत द्यायलाच हवी असे नाही, नोंदींवरून पुन्हा तयार केलेली प्रतही चालते. ६ एप्रिल २००७ पूर्वी झालेल्या करारांची गोष्ट वेगळी. त्यांच्या बाबतीत कायद्याने ठरवलेल्या अटी असलेला आणि ऋणकोची सही असलेला दस्तऐवजच झाला नसेल, तर न्यायालयाला तो करार अंमलात आणता येत नाही. इतक्या जुन्या कार्डांवर, विशेषतः वर्षानुवर्षे थोडे थोडे भरत आलेल्यांवर, आजही दावे येऊ शकतात, म्हणून कार्ड नेमके कोणत्या साली काढले ही तारीख हुडकण्याजोगी आहे.

तपशिलात ज्यांचा उल्लेख आहे ते कागद, म्हणजे करार, डिफॉल्ट नोटीस आणि हस्तांतरणाची सूचना, वादीच्या वकिलाकडे दिवाणी कार्यपद्धती नियमांच्या ३१.१४ व्या नियमाखालीही मागता येतात. ही मागणी पोच दिल्याबरोबर पाठवलेली बरी. मूळ बँकेकडे आपल्याविषयीची माहिती मागण्याचा अर्ज विनामूल्य करता येतो आणि बँकेने सहसा एका महिन्यात ती द्यावी लागते. शेवटचा हप्ता केव्हा गेला, नोटीस कोणत्या पत्त्यावर गेली, व्याज आणि दंड किती चढवले, हे त्या उताऱ्यांतूनच कळते. हिशेब पाहण्यात आयुष्य घालवलेली बाई म्हणून सांगते, आठवणीवर भरवसा ठेवून कोणी बचाव लिहू नये. दहा वर्षांपूर्वीची तारीख कुणालाच नीट आठवत नसते, आणि तसे मानायला काही लाज नाही.

बचाव लिहिताना प्रत्येक विधानाबद्दल तीनपैकी एक भूमिका घ्यावी लागते: मान्य, अमान्य, किंवा माहीत नाही, वादीने सिद्ध करावे. खाली सत्यकथनाची सही असते. इथे मला फार स्पष्ट बोलायचे आहे. कार्ड वापरले असेल, तर 'मी कधी कार्ड घेतलेच नाही' असे लिहू नये. जाणूनबुजून खोटे लिहून सही करणे न्यायालयाचा अवमान ठरू शकते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याची गरजच नसते. करार झाला होता हे मान्य करूनही रक्कम, नोटीस, हस्तांतरण आणि मुदत या प्रत्येक बाबीवर पुरावा मागता येतो. इंटरनेटवरून उचललेले लांबलचक, न समजलेले बचाव सुनावणीत तोंडघशी पाडतात, कारण न्यायाधीश पहिलाच प्रश्न त्यातल्या एखाद्या ओळीचा अर्थ विचारतात. आपल्या परिस्थितीला लागू असलेली, आपल्याला समजलेली अर्ध्या पानाची मांडणी केव्हाही बरी.

बचाव दाखल झाल्यावर वादीला पुढे जायचे आहे की नाही हे २८ दिवसांत कळवावे लागते. न कळवल्यास दावा स्थगित होतो. पुढे गेल्यास १०,००० पौंडांपर्यंतचे दावे सामान्यतः लघुदाव्यांच्या मार्गावर जातात, जिथे हरलेल्यावर पडणारा वकिलाचा खर्च मर्यादित असतो. २२ मे २०२४ पासून दाखल झालेल्या अशा दाव्यांत न्यायालयाकडून तासाभराची मोफत, फोनवरची मध्यस्थी बंधनकारक आहे. मध्यस्थ कोणाची बाजू बरोबर हे सांगत नाही, तडजोड करायलाच हवी असेही नाही. पण आपले कागद वाचून बसलेल्या माणसाला तिथे बऱ्यापैकी कमी रकमेत मिटवता येते. सुनावणीला इंग्रजीची धास्ती वाटत असेल, तर लघुदाव्यात स्वतः हजर राहून आपल्या बाजूने बोलायला वकील नसलेली ओळखीची व्यक्ती सोबत नेता येते. मंडळाचा एखादा सभासद हे काम करू शकेल.

काही जण मला विचारतील, घेतलेले पैसे परत करायला नकोत का? करायला हवेत, आणि ही भावना आपल्या घरांत खोल रुजलेली आहे याचा मला अभिमान आहे. ज्याला देणे मान्य आहे, रक्कम बरोबर आहे आणि मुदत संपलेली नाही, त्याने मान्यतेचा अर्ज भरून आपल्या उत्पन्न-खर्चाचा तपशील देऊन झेपेल असा हप्ता मागावा. तो मार्ग कायद्यातच दिलेला आहे. पण योग्य माणसाला, योग्य रक्कम, हिशेब पाहून देणे हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे. ज्याच्या हाती करार नाही त्याने सांगितलेला आकडा मान खाली घालून भरणे म्हणजे सचोटी, असे मी मानत नाही. कायद्याने ऋणकोला दिलेली संरक्षणे ही पळवाट नव्हे. संसदेने ती विचारपूर्वक दिली आहेत, कारण दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते.

लाजेपायी काय होते, तेही सांगायला हवे. एका घरात नवऱ्याने दाव्याचे कागद बायकोपासून लपवले आणि बायको मात्र तिच्या नावाच्या जोडकार्डामुळे आपणही कर्जदार झालो या भीतीने झुरत होती. या देशात क्रेडिट कार्डाची जबाबदारी मुख्य कार्डधारकावर असते, जोडकार्ड वापरणाऱ्यावर नसते. एवढे एक वाक्य तिला वेळेवर कळले असते, तर दोघे एकत्र बसून उत्तर लिहू शकले असते. दुसऱ्या एका तरुणाला वाटत होते, की कोर्टाचे पत्र म्हणजे पोलीस येणार. हा दिवाणी व्यवहार आहे. साधे कर्ज थकवणे हा गुन्हा नाही आणि त्यासाठी कोणाला तुरुंगात टाकत नाहीत. चांगली शिकलेली, मोठ्या पगारावर काम केलेली माणसेही या बाबतीत लहान मुलासारखी घाबरलेली मी पाहिली आहेत, आणि ती मंडळाच्या कार्यक्रमांत हसतमुखाने पंगतीत वाढत असतात. त्यांना आपल्यातच मोकळेपणाने बोलता यावे, असे मला मनापासून वाटते.

म्हणून माझी विनंती अशी. गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमांबरोबर वर्षातून एक संध्याकाळ या विषयासाठी ठेवा, आणि ती 'कर्जबाजारी लोकांसाठी' न ठेवता सर्वांसाठी ठेवा, म्हणजे यायला कोणाला संकोच वाटणार नाही. दाव्याचा नमुना अर्ज पडद्यावर दाखवा, तारखा कशा मोजायच्या ते करून दाखवा. प्रत्येक मंडळाने दोन विश्वासू व्यक्ती निवडाव्यात, शक्यतो त्यांत एक स्त्री असावी, ज्यांच्याकडे कोणीही न उघडलेले पाकीट घेऊन जाऊ शकेल आणि ज्या त्याबद्दल बाहेर एक अक्षर बोलणार नाहीत. त्यांनी वकिली सल्ला देऊ नये. पाकीट उघडणे, तारीख कॅलेंडरवर लिहिणे, पोच भरायला शेजारी बसणे आणि नॅशनल डेटलाइन (National Debtline), स्टेपचेंज किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस यांच्यापैकी कोणाला तरी त्याच दिवशी फोन लावून देणे, एवढेच त्यांचे काम. या संस्था मोफत सल्ला देतात. पैसे घेऊन 'कर्ज पुसून देतो' म्हणणाऱ्यांना मंडळाच्या व्यासपीठावर किंवा स्मरणिकेतील जाहिरातीत स्थान देऊ नका.

दाव्याच्या आधीचे पत्रही लोकांना ओळखता यायला हवे. १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू असलेल्या कर्जदाव्यांच्या पूर्वप्रक्रियेनुसार कंपनीने आधी दाव्याचे पत्र आणि उत्तराचा नमुना पाठवून ३० दिवस थांबायचे असते. त्या नमुन्यात कागदपत्रे मागितली, तर ती दिल्यानंतर आणखी ३० दिवस कंपनी दावा लावू शकत नाही. या टप्प्यावर उत्तर दिले, तर दावा टळण्याचीही शक्यता असते. मंडळाच्या मदतनिसांनी हे पत्र आले का, हाच प्रश्न प्रथम विचारावा.

स्कॉटलंडमधील मंडळांना हे पत्र जसेच्या तसे लागू पडणार नाही. तिथे न्यायव्यवस्था वेगळी आहे, साध्या करारावरच्या देण्याची मुदत पाच वर्षांची आहे आणि ती संपली की देणेच नाहीसे होते. ग्लासगो आणि एडिंबरामधल्या जाणकारांनी आपल्याकडच्या नियमांप्रमाणे असाच मजकूर तयार केला, तर फार बरे होईल.

आपल्या पुढच्या कार्यकारिणी बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि त्या दोन व्यक्तींची नावे ठरली की ती सभासदांच्या नेहमीच्या पत्रकात छापावीत. पहिल्या संध्याकाळी नमुना अर्ज, तारखांचे कोष्टक आणि कलम ७८ च्या मागणीपत्राचा मराठी समजुतीसह मसुदा मी घेऊन येईन. मंडळाने सभागृहाची तेवढी सोय करावी. ज्यांच्या घरी आज असा कागद पडून आहे, त्यांनी मात्र कार्यक्रमाची वाट पाहू नये. अर्जावरची तारीख आजच पाहावी, आणि बजावणीपासूनचे १४ दिवस उलटले नसतील तर पोच आजच द्यावी. उलटले असतील तरी वादीने अजून हुकूमनामा मागितला नसेल, तर उशिरा आलेले उत्तरही बहुधा स्वीकारले जाते.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
मंडळाची एक जुनी सभासद